बैठकीचा कान

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा अंबरपेठच्या आमच्या घराच्या अंगणात तुळशीशेजारी एक लारी उभी होती. तिला ट्रक म्हटलेलं माझ्या सासऱ्यांना चालायचं नाही. ट्रक म्हणजे हल्लीचे, चपट्या तोंडाचे, हप्त्यांवर घेतलेले. पुढे लांब नाक असलेली, पेट्रोल पिणारी आणि हँडल मारल्याशिवाय न उठणारी, ती लारी. मला दोन्ही सारखेच अवजड वाटत, पण नव्या सुनेनं पहिल्याच आठवड्यात मत मांडू नये एवढी अक्कल मला होती. दुसऱ्या आठवड्यात मांडलं. ही हलली तर इथे छान झोपाळा बसेल, असं मी सासूबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, हेच म्हणता म्हणता मी म्हातारी झाले, आता तू म्हण.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. पुण्यात हा शब्द केव्हाच मागे पडला होता, पण या घरात तोच चालायचा आणि त्यांना तो शोभायचाही. त्यांचे वडील निजामाच्या काळात नांदेडकडची शेती भावांवर सोपवून इथे आले. मामंजींनी लाऱ्या घेतल्या आणि उभी हयात कापूस, मिरची नि शहाबादी फरश्या वाहिल्या. मग देशाची दारं उघडली म्हणतात तसं झालं. कालपरवापर्यंत क्लीनर असलेल्या माणसालाही नवा कोरा ट्रक मिळू लागला, रस्त्यावर ट्रकच ट्रक झाले, आणि मामंजींनी शहाणपणानं वेळेवर धंदा आवरला. एक लारी तेवढी ठेवली. ती विकायचा विषय निघाला की त्यांना हटकून देवपूजा आठवायची.

अशा जुन्या लाऱ्या जीव लावून सांभाळणारी आणखी काही माणसं गावात होती. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती सगळी आमच्या घरापासून जवळच, एका लाकडाच्या वखारीच्या आवारात आपापल्या लाऱ्या घेऊन जमत. याला ते बैठक म्हणत, जरी बसायला कुणालाच सवड नसे. कुणी बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा, कुणी लारीखाली आडवा. सुलतान बाजारात पुढे कापडाचं दुकान टाकलेले एक शेठ आपल्या लारीवरून असा काही मऊ कपडा फिरवत, की त्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकालाही एवढी माया कधी मिळाली नसेल. मलकपेठचे एक वयोवृद्ध गृहस्थ होते, त्यांना सगळे बडे मियाँ म्हणत. ते घरून चहाची मोठी किटली आणि खिमा भरलेल्या लुखमीचा डबा आणत. सगळे एकेकाळचे लारीमालक, आणि मालक होण्याआधी स्वतः चालवणारे. बोलणं मराठी, तेलुगू, दखनी असं कुठूनही कुठेही जाई आणि एवढ्या मोठ्यानं चाले, की मला सुरुवातीला वाटलं यांची भांडणं लागली आहेत.

मी तिथे जायला लागले ती मामंजींच्या गुडघ्यांमुळे. लारीच्या उंच कॅबिनमधून उतरताना त्यांना कुणाचा तरी खांदा लागे. नवऱ्याचा रविवारी कॉम्प्युटरचा क्लास असे; त्या काळात सगळं हैदराबादच कुठल्या ना कुठल्या क्लासला जात होतं. सासूबाईंनी ही जबाबदारी माझ्या गळ्यात इतक्या चपळाईनं घातली, की त्या कधीपासून टपून बसल्या असाव्यात. तर मी पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन त्या पुरुषांच्या गोतावळ्यात एकटी बाई म्हणून उभी राहायला लागले. कंटाळा येईल असं वाटलं होतं. आला नाही, कारण घरात कमी बोलणारा हा माणूस तिथे काय होता ते मला पहिल्याच दिवशी दिसलं.

बैठकीचा एक रिवाज होता. कुणी आपल्या लारीचं इंजिन खोलून नवं बांधलं, की मेकॅनिकनं हात धुतले म्हणून काम पुरं झालं असं कुणी मानत नसे. लारी बैठकीत आणायची, हँडल मारायचं, आणि मामंजींनी ऐकायचं. ते वखारीच्या भिंतीकडे तोंड करून, लारीकडे पाठ करून उभे राहत. नवा रंग, चकचकीत पितळ, मालकाचा आशाळभूत चेहरा, यातलं काही डोळ्यांना दिसता कामा नये म्हणून. सगळं आवार गप्प होई. एक चहा पिऊन होईल एवढा वेळ ते ऐकत आणि मग एकच शब्द बोलत. बोली. म्हणजे लारी बोलली, इंजिन नीट बसलं, न्या आता कुठेही. किंवा म्हणत, नै बोली. मग मालक कितीही मोठा असो, निमूटपणे इंजिन पुन्हा खोलायला नेई. त्यावर वाद घातलेला मी कधी पाहिला नाही. मामंजींना सगळे बैठकीचा कान म्हणत.

आता सांगते ते कळायला मला बरेच महिने लागले, आणि तेही माझ्या तापट स्वभावामुळे. चहा घेता का म्हणून मी मागून हाक मारली की मामंजी उत्तर देत नसत. मला वाटे झोपाळ्याचं मनात धरलंय. दोनदा विचारून मी चहा न करताच निघून जायचे आणि दिवसभर धुसफुसायचे. टीव्हीवर नव्यानं सगळी चॅनेलं आली होती आणि ते तो एवढ्या मोठ्यानं लावत, की शेजारच्यांना वेगळा घ्यायची गरज नव्हती. एक दिवस गॅसवर कुकर शिट्ट्या मारत होता, फोन वाजत होता, दारावर भाजीवाली हाका मारत होती, मी न्हाणीघरातून ओरडत होते. बाहेर येऊन बघते तर मामंजी या सगळ्याच्या मधोमध खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होते. मी ओल्या केसांनी तशीच उभी राहिले. रागावले होते ते सगळे दिवस एकदम आठवले.

कोठी भागातल्या कानांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, खिडकीकडचा उजवा कान जवळजवळ गेलेला, डाव्यात थोडंफार उरलेलं. इतकी वर्षं इंजिन, वारा आणि हॉर्न याशिवाय दुसरं काही ऐकलं नाही, मग काय होणार. गेलेलं परत येणार नव्हतं. कानामागे बसणारी छोटी मशिनं आता परदेशातून सर्रास येऊ लागली होती, त्यातलं एक आम्ही घेतलं. मामंजींनी ते एक दिवस लावलं. घरात कुणीतरी पत्र्यावर भांडी घासायलंय असं वाटतंय, म्हणाले. मग अंगणात जाऊन लारी सुरू केली, जरा वेळ ऐकलं, आणि मशीन काढून कपाटात ठेवलं. त्यातून इंजिन म्हणजे नुसता डबा बडवल्यासारखं ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे बघत म्हणाले, “घरात कुणालाबी सांग. पण बैठकीत कळलं ना, तर मग मी तिथं जायचं तरी कशाला?”

धंदा गेला होता, मुलगा वेगळ्या वाटेनं गेला होता, घरात स्वयंपाकापासून देवापर्यंत सगळं सासूबाईंचं राज्य होतं. महिन्यातली ती एक सकाळ सोडली, तर या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. ती गेली तर ते खुर्चीत पेपर धरून बसतील आणि तिथेच संपतील, हे मला लख्ख दिसलं. मी भ्याले.

मग आम्ही दोघांनी एक उद्योग केला. कल्पना त्यांची. मी भिडेपोटी हो म्हटलं असं सांगायला मला आवडेल, पण खरं तर मला मजा वाटली. अंगणात बॉनेट उघडून त्यांनी मला शिकवायला घेतलं. चांगलं इंजिन कसं चालतं ते आधी कान किटेपर्यंत ऐकवलं. मग एका प्लगची तार काढली आणि म्हणाले, ऐक, आता लंगडायलंय. तार लावली, इंजिनच्या माथ्यावरचे टॅपेट सैल केले आणि म्हणाले, ऐक, आता वरून खुळखुळायलंय. मग माझी परीक्षा. मला पाठमोरी उभी करून ते काहीतरी बिघडवत आणि मी काय ते ओळखायचं. सासूबाई पायरीवर बसून शेंगा सोलत हा तमाशा बघत आणि म्हणत, पुण्याहून एवढी शिकलेली सून आणली, ती याच्यासाठी.

खूण ठरली. बैठकीत मी त्यांच्या शेजारी उभी असायचे, तशी रीतच पडली होती. इंजिन स्वच्छ असेल तर बाटली उजव्या हातात ठेवायची. काही वाजत असेल तर डाव्या हातात घ्यायची. मामंजी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटल्यासारखे करत आणि पापणीच्या फटीतून बाटलीकडे बघत. मग थोडा वेळ थांबत, अगदी मुरलेल्या नटासारखे, आणि निकाल देत. पहिल्या वेळी उजवा हात कुठला तेच मी मनात घोकत होते. पुढे सरावले. कापडवाल्या शेठची लारी मी दोनदा परत पाठवली आणि दोन्ही वेळा टॅपेट खरंच सैल निघाले. घरी येताना मामंजी मला रस्त्यात थांबून मिरची भजी खिलवत. त्यांच्या चेहऱ्यावरची अवकळा गेली होती. टीव्ही मोठाच होता, पण मी हाक मारायच्या आधी त्यांच्या खांद्याला हात लावायला शिकले होते. आमचं बरं चाललं होतं.

आणि मग बडे मियाँची लारी आली.

त्यांच्या नातीचं लग्न जहीराबादला ठरलं होतं. भाड्याच्या बसनं वऱ्हाड न्यायचं त्यांना कबूल नव्हतं. स्वतः त्यांची वरात ज्या लारीतून निघाली होती त्याच लारीतून नातीचं वऱ्हाड निघणार, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. इंजिन पूर्ण नवं बांधून घेतलं, मागे बायकापोरांसाठी बाकं बसवली, गाद्या शिवल्या. पुढच्या जुम्म्याला निघायचं होतं. फक्त मामंजींचा शब्द हवा होता. त्या दिवशी लुखमीबरोबर त्यांनी खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोडही आणलं होतं, आणि आवारातला प्रत्येक माणूस वऱ्हाडात असल्यासारखा खूष होता.

बडे मियाँनी स्वतः हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. मामंजी भिंतीकडे वळले, मी शेजारी उभी राहिले. लंगडत नव्हतं. वरून खुळखुळत नव्हतं. बाटली उजव्याच हातात ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी जरा रेस दिली आणि खालून, इंजिनच्या अगदी पोटातून, मला काहीतरी ऐकू आलं. बंद दारावर कुणी हलक्या हातानं ठोकावं तसं. रेस सोडली की जायचं, दिली की यायचं. हे मामंजींनी मला कधी ऐकवलं नव्हतं. ऐकवणार तरी कसं? तार काढता येते, टॅपेट सैल करता येतो, पण इंजिनच्या पोटातलं मोडल्याशिवाय असला आवाज काढता येत नाही.

हा दोष आहे की नव्या इंजिनाचा कडकपणा, मला कळेना. या आवाजाला आमच्याकडे खूणच नव्हती. मी बाटली डाव्या हातात घेतली, पुन्हा उजव्या हातात घेतली, पुन्हा डाव्या. मामंजींनी पापणीच्या फटीतून पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. बोली म्हटलं आणि वाटेत इंजिनानं जीव टाकला तर पोराबाळांनी भरलेली लारी रस्त्यात उभी. नै बोली म्हटलं तर काय वाजतंय म्हणून बडे मियाँ विचारणारच, कारण आज त्यांना घाई होती. आवार गप्प होतं. सगळे मामंजींच्या पाठीकडे बघत होते. एक चहा पिऊन व्हायचा वेळ केव्हाच सरला होता. मी मनातल्या मनात कुलदैवताला हाका मारत होते.

मामंजी वळले. रिवाजात वळणं बसत नव्हतं, निकाल भिंतीकडे तोंड करूनच द्यायचा असे. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बहिऱ्या माणसाला बेताचा आवाज काढता येत नाही, त्यामुळे आवाराच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले:

“मला ऐकू येईना झालंय.”

मी मामंजींचा दंड धरला. बडे मियाँ चालत्या इंजिनाशेजारीच उभे होते, त्यांनी कानामागे तळवा धरून काय म्हणाले, काय म्हणाले असं विचारलं. शेठनी इंजिन बंद केलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, जवळजवळ किंचाळत, त्यांना सांगितलं. बडे मियाँनी मामंजींकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं आता संपलं सगळं.

“तो मेरेकू कां सुनने आता जी?” ते म्हणाले. “दो ईदां हो गए. इसीच वास्ते तो तुमारे पास लाया मैं.”

मग शेठ खाली बघत म्हणाले, माझा उजवा कान तर दुकानातल्या पंख्याचाही आवाज ऐकत नाही, दोनदा टॅपेट सैल निघाले तेव्हा मला स्वतःला काही म्हणजे काही वाजलेलं कळलं नव्हतं. पलीकडून कुणी म्हणालं, मी तर नुसती मान हलवतो. आणखी कुणी म्हणालं, मी पण. एकेकाची कबुली निघत गेली. आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी बसलेली माणसं ती, दुसरं होणार काय होतं? प्रत्येकजण आपलं झाकून बसला होता आणि मामंजींना तरी येतंय, या भरवशावर निर्धास्त होता. भांडणं लागल्यासारखं मोठ्यानं का बोलतात, तेही मला त्या दिवशी कळलं. शेठनी मग विचारलं, तर मग इतके महिने ऐकत कोण होतं? मामंजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हसण्याचा जो गडगडाट झाला तो मी जन्मात विसरणार नाही. बडे मियाँ डोळे पुसत हसत होते. मी लाजले, चिडले, आणि मग मलाही हसू आवरेना.

हसणं थांबल्यावर मामंजींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, काय वाजलं, सांग. मी सांगितलं, खालून ठोकल्यासारखं. रेस दिली की? वाढतं. सोडली की? जातं. त्यांनी पुन्हा लारी सुरू करायला लावली आणि एकेका प्लगची तार काढून लावत विचारत गेले, आता? आता? तिसरी तार काढली तेव्हा आवाज निम्म्यावर आला. मी तसं म्हणाले. मामंजींनी तार लावली, हात पुसले आणि बडे मियाँच्या कानाशी जाऊन सांगितलं, तिसऱ्या सिलिंडरचं खालचं बेअरिंग नीट बसलेलं नाही. एवढंच खोला, बाकी चोख आहे, जुम्म्यापर्यंत होऊन जाईल. बडे मियाँनी मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे एका शब्दानंही वाद घातला नाही. पुढच्या महिन्याला कुणाचं काय बघायचं, तेही तिथेच ठरलं. विचारलं अर्थात मामंजींनाच.

परत येताना छातीवरची धोंड उतरल्यासारखी मी कॅबिनमध्ये मागे रेलून बसले होते. अंबरपेठच्या बाजारात एका किराणा दुकानदारानं हात केला आणि काहीतरी विचारलं. फार हळू बोलणारा माणूस. त्याच्या दुकानावरून जाताना मामंजी हल्ली नेहमी समोर बघत पुढे निघून जात, आणि तो बिचारा मला म्हणाला होता, तुमचे मामंजी माझ्यावर नाराज आहेत का. त्या दिवशी मामंजींनी भर रस्त्यात लारी थांबवली, खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगावं तसं त्याला सांगितलं, “जोरात बोला हो, मला ऐकू येईना झालंय.”

दुकानदार फळीवरून उतरून खाली आला, लारीच्या पायरीवर चढला आणि त्यांच्या डाव्या कानाशी येता यावं म्हणून कॅबिनमध्ये डोकं घालून बोलायला लागला. मुलीचं लग्न झालं होतं, आई गेली होती, दुकान वाढवायचं चाललं होतं. बरंच साचलं होतं. मागे रिक्षा, स्कूटर, एक बस असं सगळं तुंबलं आणि हॉर्नचा कल्ला सुरू झाला. मामंजींपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्यांना जरा थांबा म्हणून खूण केली.